प्रश्न वाचकांचे : बोटाच्या ठशावर उघडणारे दार

दाराला बोटाचा ठसा ओळखणारे यंत्र बसवण्याविषयी या स्तंभाकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार येथे घेतली आहेत. दादरच्या पत्राला दिलेले उत्तर लांबले आहे, कारण त्यातील बऱ्याच गोष्टी पुढच्या तिघांनाही लागू पडतात.

प्रश्न : आमची संस्था दादरला स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवते. विद्यार्थी सुमारे १४० आहेत आणि अभ्यासिका पहाटे ५ ते रात्री १२ उघडी असते. किल्ली सांभाळणारे शिपाई निवृत्त झाल्यामुळे कार्यकारिणीने फिंगरप्रिंट मशीन बसवण्याचे ठरवले आहे. दोन विक्रेत्यांची दरपत्रके आली, पण दोन्हींत मशीन आणि लॉक यांच्या किमतींपलीकडे काहीच लिहिलेले नाही. दार एकच आहे, लाकडी आहे आणि आत उघडते. आम्ही काय पाहावे? (कोषाध्यक्ष, दादर)

उत्तर : दरपत्रकात जे लिहिलेले नाही तेथूनच सुरुवात करतो. दोन्ही विक्रेत्यांना पहिला प्रश्न हा विचारावा की वीज गेली, मशीन बंद पडले किंवा आत धूर झाला, तर आतला विद्यार्थी बाहेर कसा पडेल. या प्रश्नाचे उत्तर ज्याला वायरिंगची आकृती काढून देता येत नाही, त्याला काम देऊ नये, मग त्याचा दर कितीही कमी असो.

विजेवर चालणारी कुलुपे मुख्यतः दोन स्वभावांची असतात. वीज असेपर्यंत दार धरून ठेवणारे आणि वीज जाताच सोडून देणारे, हा पहिला प्रकार. आपल्याकडे ज्याला ईएम लॉक किंवा मॅग्नेटिक लॉक म्हणतात ते याच जातीचे. दुसरा प्रकार वीज गेली तरी बंदच राहतो आणि वीज मिळाली तरच उघडतो. तिजोरीच्या खोलीला दुसरा प्रकार शोभतो, पण १४० मुलामुलींच्या एकुलत्या एका दाराला पहिलाच हवा. राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीवाचून उघडता आले पाहिजे आणि ते खोलीतून बाहेरच्या दिशेने उघडले पाहिजे, असे सांगितलेले आहे. आपले दार आत उघडते, म्हणजे घाबरलेली गर्दी दारावर रेटली की ते उघडणे अवघड होईल. जिन्याची किंवा व्हरांड्याची वाट अडणार नसेल, तर मशीनच्या आधी सुताराला बोलावून दाराची दिशा बदलून घ्यावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. तसे केल्यास कुलूप चौकटीला थेट बसेल आणि आत उघडणाऱ्या दारासाठी लागणारा वेगळा ब्रॅकेटही वाचेल.

आता वायरिंगचा तो भाग, ज्यात चूक झालेली मी स्वतः पाहिली आहे. लोअर परळच्या एका कार्यालयात दुपारी मशीन अचानक गोठले. पडद्यावर घड्याळाचे काटे जिथल्या तिथे थांबले होते. आतले चौघे एक्झिटचे हिरवे बटण दाबत होते, पण दार हलेना. कुलुपाला वेगळा अडॅप्टर होता, तो व्यवस्थित चालू होता, त्यामुळे चुंबकाने दार घट्ट धरले होते. आणि बटणाची तार मात्र मशीनमध्ये गेलेली होती, जे काही ऐकण्याच्या स्थितीतच नव्हते. विजेचा बोर्ड दाराबाहेर होता. शेवटी पहारेकऱ्याने बाहेरून स्विच बंद केला, तेव्हा दार सुटले. कोणाला काही झाले नाही, पण त्या पंचवीसेक मिनिटांत आतल्या एका बाईंचा दमा वाढला होता, हे मी विसरलेलो नाही.

तेथे काय चुकले ते समजून घ्यावे. मशीनच्या आत रिले नावाचा छोटा स्विच असतो आणि त्याला कॉमन (सामाईक), एनसी (एरवी कॉमनशी जोडलेले) व एनओ (एरवी तुटलेले) अशी तीन टोके असतात. मॅग्नेटिक लॉकची वीज कॉमन आणि एनसी या टोकांतून नेतात. ठसा जुळला की रिले काही सेकंद ती तोडतो आणि दार सुटते. मशीन बंद पडले की रिले विश्रांतीच्या स्थितीत जातो, म्हणजे एनसीचा मार्ग जोडलेलाच राहतो. म्हणून ‘मशीन बंद पडले तर दार उघडेल’ हे विक्रेत्याचे आश्वासन कुलुपाचा पुरवठा वेगळा असेल तेव्हा खोटे ठरते. यावर उपाय साधा आहे. आतल्या बाजूला, दाराजवळ, साधारण छातीच्या उंचीवर काच दाबून फोडायचे आपत्कालीन बटण बसवावे आणि कुलुपाकडे जाणारी विजेची तार प्रत्यक्ष त्या बटणातून न्यावी. काच दाबली की कुलुपाची वीजच तुटते. मशीनला काय वाटते, याचा प्रश्न उरत नाही. रोजच्या वापराचे एक्झिट बटण मशीनला जोडले तरी चालेल, मात्र हे दुसरे बटण मशीनवर अवलंबून नसावे. इमारतीत आगीची सूचना देणारी यंत्रणा असेल, तर तिचाही संपर्क याच तारेत घ्यावा.

बॅटरीचा बॅकअप घ्यावा का, असा उपप्रश्न आपल्या पत्राच्या शेवटी होता. घ्यावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराची वीज एकदम गेली होती आणि काही भागांत ती यायला बरेच तास लागले होते; आपल्या शहरात वीज जात नाही, या समजुतीवर दार सोडून देता येत नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल आणि कुलूप व मशीन मिळून साधारण १ अँपिअर घेत असतील, तर कागदावर सात तास होतात, प्रत्यक्षात चार-पाच तास धरावेत. बॅटरी संपल्यावर दार मोकळे होईल, म्हणून त्या वेळेपुरते लावायला बाहेरून एक साधे कुलूप-कोयंडा ठेवावा. मात्र आत कोणी असताना तो लावला जाणार नाही, याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर सोपवावी.

वायरमन हमखास करतात अशा दोन चुका सांगतो. पहिली तारेची. संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात ती बारीक तार हाताशी असते, म्हणून कुलुपाची वीजही तिच्याच एका जोडीतून नेतात. अशा तारेत दर मीटरला सुमारे ०.०८ ओम रोध असतो. पुरवठा २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर होतात, आणि अर्धा अँपिअर घेणाऱ्या कुलुपापर्यंत पोहोचेतो १२ व्होल्टमधले दीडहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मग कुलूप कमी जोराने धरते, दाराला जरा जोरात धक्का दिला की ते सुटते, आणि दोष मशीनच्या माथी जातो. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर हीच घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. लोहार चाळीत ती सहज मिळते. दुसरी चूक दारावरच्या लोखंडी पट्टीची. ही पट्टी मधल्या स्क्रूवर रबरी वॉशर ठेवून किंचित हलती ठेवायची असते, म्हणजे ती चुंबकावर आपोआप सपाट बसते. सुतार मात्र चांगले काम म्हणून ती करकचून आवळतो आणि मग एका कडेला कागदाइतकी फट राहते. दार उघडे असताना पट्टी बोटाने जरा हलवून पाहावी आणि दार लागल्यावर चुंबकाच्या दोन्ही टोकांना कागदाचा कपटा सरकतो का ते पाहावे. कुलुपाच्या दोन टोकांवर उलट दिशेने एक डायोड लावला आहे ना, हेही विचारावे. दोन-चार रुपयांची ही वस्तू नसेल, तर वीज तुटताना उसळणारा दाब काही महिन्यांत रिलेची टोके जाळतो.

आणखी एक. मशीन भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असते. कुलुपाच्या तारा थेट त्यातच आणलेल्या असल्या, तर ते भिंतीवरून उचकटणाऱ्याच्या हातात त्या तारा आयत्याच येतात. रिले दाराच्या आतल्या बाजूला असलेल्या वेगळ्या पेटीत ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. दरपत्रकात ती मागावी.

बसवून झाल्यावरचे काम यंत्रापेक्षा वहीचे अधिक आहे. कोणाचाही ठसा घेण्याआधी ॲडमिन नोंदवावा, कारण ॲडमिन नसलेल्या यंत्राचा मेनू अनेक मॉडेलमध्ये कोणालाही उघडता येतो. ॲडमिन दोन असावेत, एक कोषाध्यक्ष आणि एक चिटणीस, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. विद्यार्थी जे वाय-फाय वापरतात त्याच जाळ्यावर मशीन ठेवू नये. प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक संस्थेच्या नोंदवहीतील सदस्य क्रमांकच असावा, म्हणजे पुढे नावाच्या घोळात कोणाचा ठसा कोणाच्या खाती जाणार नाही. दोन हातांची दोन बोटे घ्यावीत. एका बोटाला कापले तर दुसरे कामी येते. बोटाचे टोक टेकवून ठसा घेऊ नये, कारण मधला भाग, जिथे रेषा वळतात, तोच यंत्राला हवा असतो. म्हणून बोट काचेवर सपाट ठेवायला सांगावे.

वेळेच्या मर्यादा प्रत्येकासाठी वेगळ्या न लावता सकाळचा, दिवसाचा आणि रात्रीचा असे गट करावेत. सदस्यत्वाची अखेरची तारीख भरण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी, म्हणजे शुल्क थकलेल्या विद्यार्थ्याला दारात अडवण्याचा अप्रिय प्रसंग कोणा माणसावर येणार नाही. मुदत संपली तरी आतून बाहेर पडायला त्याला काहीही अडचण नसावी, हे चाचणी घेऊन पाहावे. आणि एक विनंती : कोणती विद्यार्थिनी रात्री किती वाजता आली-गेली, ही नोंद यंत्रात आपोआप साठत असते. ती कार्यकारिणीतल्या कोणालाही सहज पाहायला मिळता कामा नये.

प्रश्न : गिरगावात माझे पोळी-भाजी केंद्र आहे आणि अकरा बायका कामाला आहेत. मागच्या दाराला आणि हजेरीला मिळून एकच थम्ब मशीन लावले. पावसाळा सुरू झाल्यापासून तिघींचे बोट ते घेतच नाही. विकणारा म्हणतो, ‘सेटिंग सैल करून देतो.’ करून घेऊ का? (एक उद्योजिका, गिरगाव)

उत्तर : सेटिंग सैल करून घेऊ नका. यंत्र दोन ठशांत किती साम्य असले म्हणजे ते एकाच बोटाचे मानायचे, याची एक मर्यादा ठरवते. ती खाली आणली की आपल्या तिघी आत येतील हे खरे, पण भलत्याच बोटाला दार उघडण्याची शक्यताही त्याच बरोबर वाढते. शिवाय हजेरी त्याच यंत्रावर असल्याने एकीची हजेरी दुसरीच्या नावावर लागू शकते, आणि त्याचा निकाल लावणे आपल्याला फार जड जाईल.

आधी त्या तिघींचे हात पाहा. ज्या बोटांनी दिवसाला शंभर-दोनशे पोळ्या तव्यावर उलटल्या आणि संध्याकाळी काथ्याने परात घासली, त्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. पावसाळ्यात सतत ओलाव्यात राहून त्या सुरकुततात आणि वर कणकेचा पापुद्रा बसतो. यंत्र ज्या खुणा शोधते त्या म्हणजे रेषा जिथे संपते ती जागा आणि जिथे ती दुभंगते ती जागा. आपल्याकडे बोटांवर शंख आणि चक्र पाहतात ती मोठी आकृती झाली. यंत्राचा खरा भरवसा या बारीक ठिकाणांवर असतो, आणि झीज नेमकी तिथेच आधी होते.

म्हणून त्यांचे ठसे पुन्हा घ्यावेत आणि ते सकाळी काम सुरू होण्याआधी, हात धुऊन सुती फडक्याने नीट पुसल्यावर घ्यावेत. उजव्या हाताच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा हट्ट सोडावा. पोळी उचलण्यात अनामिका कमी झिजते, आणि डावा हात उजव्यापेक्षा बरा असतो. बोट कोरडे ठणठणीत असेल तरी ठसा उमटत नाही, तेव्हा कपाळावरून एकदा बोट फिरवावे. तेवढा ओशटपणा पुरतो. यंत्राच्या काचेवर पीठ आणि तेलाचा थर बसत असेल, तो रोज मऊ कोरड्या कापडाने पुसावा, त्यावर पाणी किंवा फवारा मारू नये. यंत्र शेगडीच्या वाफेपासून आणि दारातून आत येणाऱ्या पावसाच्या झडीपासून दूर हलवता आले तर उत्तमच.

इतके करूनही एखादीचे बोट लागले नाही, तर तिला कार्ड द्यावे. बहुतेक यंत्रे कार्डही वाचतात. मात्र बोट लागले नाही म्हणून तिची हजेरी कापली गेली असेल, तर ती आजच भरून द्यावी. हात झिजले ते आपल्याच स्वयंपाकघरात, आणि त्याचा भुर्दंड तिने सोसावा हे मला अजिबात मान्य नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयातील व्यवस्थापक नोकरी सोडून गेले. मशीनचे ॲडमिन तेच एकटे होते. आता नवीन माणसाचा ठसा घेता येत नाही आणि जुने काढताही येत नाहीत. (वाचक, अंधेरी)

उत्तर : आधी त्यांनाच सौजन्याने बोलावून दुसरा ॲडमिन नोंदवून घ्यावा, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ते शक्य नसेल तर खरेदीचे बिल आणि यंत्राचा क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे जावे. इंटरनेटवर सापडणाऱ्या युक्त्या करून पाहू नयेत, त्यांत कधी कधी सर्व नोंदी पुसल्या जातात. ॲडमिन बदलल्यावर गेलेल्या व्यवस्थापकांचा ठसा, कार्ड आणि पासवर्ड तिन्ही काढावेत. ठसा काढला आणि पासवर्ड तसाच राहिला, असे फार ठिकाणी होते.

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत मुख्य प्रवेशद्वाराला फिंगरप्रिंट यंत्र लावून सभासद, घरकामाच्या बायका, चालक आणि दूधवाले या सर्वांचे ठसे घेण्याचा ठराव येणार आहे. काही सभासदांचा विरोध आहे. त्यांच्या मते हे ठसे कोणी चोरले तर काय? आपले मत कळवावे. (चिटणीस, मुलुंड)

उत्तर : विरोध करणाऱ्या सभासदांचे म्हणणे सार्थ आहे, आणि ते सभेत शांतपणे ऐकून घ्यावे. यंत्र सहसा बोटाचे छायाचित्र ठेवत नाही, वर सांगितलेल्या खुणांची सांकेतिक यादी ठेवते, हे खरे. तरीही ती यादी त्या माणसाचीच असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘बायोस्टार-२’ या दार-नियंत्रण प्रणालीचा साठा इंटरनेटवर उघडा आढळल्याचे संशोधकांनी जाहीर केले होते आणि त्यात बोटांच्या ठशांची माहितीही होती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत जैवमितीय माहिती संवेदनशील गणलेली आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे : माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगावे लागते, दिलेली संमती परत घेता येते आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत देण्याची तरतूद त्यात आहे. तेव्हा घरकामाच्या बाईंपुढे इंग्रजी कागद सरकवून सही घेऊ नये. मराठीत वाचून दाखवावे आणि त्या नको म्हणाल्या तर त्यांना कार्ड द्यावे. काम जाण्याच्या भीतीने दिलेल्या होकाराला मी संमती म्हणत नाही.

माझे मत विचारलेत म्हणून स्पष्ट लिहितो. मुख्य प्रवेशद्वाराला हे यंत्र लावू नये. त्या दारातून रुग्णवाहिका येते, अग्निशमन दलाचे जवान येतात, आजीला भेटायला अचानक नातवंडे येतात. तिथे जागता पहारेकरी आणि पाहुण्यांची वही यांना पर्याय नाही. संस्थेच्या दस्तऐवजांची खोली, पंपाची खोली, व्यायामशाळा अशा ठिकाणी ते लावावे, जिथे ठसे देणारे वीस-पंचवीसच असतील आणि ते कोण, हे आपल्याला नावानिशी माहीत असेल. ठशांचा साठा यंत्रातच ठेवावा. विक्रेत्याच्या सर्व्हरवर किंवा कोणा सभासदाच्या लॅपटॉपवर त्याची प्रत जाऊ देऊ नये. आधार क्रमांक या नोंदणीसाठी मागू नये, त्याची येथे काहीही गरज नाही.

कोणी घर सोडले, काम सोडले, चालक बदलला, तर त्याचा ठसा किती दिवसांत पुसायचा, हेही ठरावात लिहावे. सात दिवस पुरेत. यंत्रातून ठसा काढल्यावर जोडलेल्या सॉफ्टवेअरमधूनही तो काढला गेला का ते पाहावे, कारण काही प्रणालींत पुढच्या वेळी माहिती जुळवताना सॉफ्टवेअर तोच ठसा यंत्रात पुन्हा पाठवते. पुसल्याची तारीख, क्रमांक आणि पुसणाऱ्याची सही यांसाठी एक साधी रेघांची वही ठेवावी, आणि कार्यकारिणीच्या मासिक सभेत ती टेबलावर असावी.